धनगरवाड्यावरील माता आणि आपले सन्मान

(मातृदिनाच्या निमित्ताने सातारा व सांगली जिल्ह्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रावणातील अमावास्या म्हणजे पिठोरी अमावास्या. महाराष्ट्रात हाच मातृदिन मानला जातो. या दिवशी व्रतस्थ माता पक्वान्नांचे वाण डोक्यावरून मागे धरते आणि "अतीत कोण?" असे विचारते. पाठीमागे उभे असलेले मूल "मी" असे म्हणून आपले नाव सांगते आणि वाण स्वीकारते. विधी मोठा हृद्य आहे. मात्र त्यातील एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. या प्रसंगी मुलाचे नाव उच्चारले जाते. आईचे नाव घेण्याची वेळच त्यात येत नाही. आज मी जे बोलणार आहे, त्याचा या न घेतलेल्या नावाशी बराच संबंध आहे.

जगात अनेक देशांत मे महिन्याचा दुसरा रविवार मातृदिन म्हणून पाळतात, आणि आता तो आपल्या शहरांतही आला आहे. त्याचा उगम पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत आज वेस्ट व्हर्जिनिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोंगराळ प्रदेशात ॲन रीव्ह्ज जार्व्हिस नावाची एक गृहिणी होती. तिची बहुतेक अपत्ये बालपणीच दगावली. १८५८ च्या सुमारास तिने आसपासच्या वस्त्यांमधून मातांची मंडळे उभी केली. पाणी स्वच्छ आहे की नाही, मुलांना मिळणारे दूध निर्भेळ आहे की नाही, आजारी आईच्या घरचे काम कोण पाहील, अशा गोष्टी ही मंडळे पाहत. तिच्या निधनानंतर मुलीने, ॲना जार्व्हिसने, १९०८ साली ग्राफ्टन या गावी मातृदिनाची प्रार्थना घडवून आणली आणि १९१४ साली अध्यक्ष विल्सन यांनी त्या दिवसाला राष्ट्रीय मान्यता दिली. पुढे फुले आणि शुभेच्छापत्रे विकणाऱ्यांनी तो दिवस ताब्यात घेतला, तेव्हा याच ॲनाने त्याविरुद्ध आयुष्यभर झगडा केला. डोंगरातल्या वस्त्या, दूध, पाणी आणि आजारी आईच्या घरचे काम हे त्या दिवसाचे मूळ आपण लक्षात ठेवावे, कारण आपल्याला ज्या डोंगरावर जायचे आहे तेथेही हेच विषय आहेत.

तो डोंगर म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांची पश्चिम कड. महाबळेश्वर, जावळी, पाटण या साताऱ्याच्या तालुक्यांत आणि सांगलीच्या शिराळा तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर गवळी धनगरांच्या वस्त्या आहेत. त्यांना आपण धनगरवाडा म्हणतो. कोठे पाच-सात घरे, कोठे वीस-पंचवीस. खालच्या खोऱ्यात कुणबी-मराठ्यांची गावे, भातखाचरे आणि नदी. वरच्या सड्यावर गवळी धनगर, त्यांच्या म्हशी आणि नाचणी-वरीची उतारावरची शेते, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी या समाजाच्या जीवनक्रमाचा अभ्यास १९८० च्या आसपास केला, तेव्हा त्यांना या वाटणीमागे एक शहाणपण दिसले. एकाने शेती करावी, दुसऱ्याने गुरे राखावीत, आणि लोणी देऊन धान्य घ्यावे, म्हणजे एकाच रानावर दोघांची झोंबाझोंबी होत नाही. शासनाच्या यादीत हा समाज भटक्या जमाती (क) या प्रवर्गात आहे. त्या वर्गवारीविषयीचा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. तो आजचा विषय नव्हे.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत या माथ्याभोवतीचे जग फार बदलले. १९६० नंतरच्या दशकात कोयना धरणाचे पाणी चढले आणि खोऱ्यातील गावे उठली. वरचा वाडा जागेवर राहिला, पण ज्यांच्याशी त्याचा धान्याचा आणि लोण्याचा व्यवहार होता ते शेजारी दूर गेले. शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातील लोकांना बाजाराला आणि दवाखान्याला जाण्यासाठी लाँचची वाट पाहावी लागू लागली. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वनसंरक्षणाची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. चराईवर त्यामुळे बंधने आली, काही वस्त्यांचे पुनर्वसन झाले आणि काहींचे बरेच रेंगाळले, हेही तितकेच खरे आहे. या सर्व घडामोडींत कागदावर सह्या पुरुषांच्या झाल्या. घर कोठे हलवायचे याची चर्चा गावच्या पारावर झाली. नव्या जागी पाणवठा किती लांब आहे, हे मात्र घरातल्या बाईला पहिल्या दिवशी हंडा डोक्यावर घेतल्यावर कळले.

आता आपल्या सन्मानांकडे वळतो. राज्य शासनाने २०२३ पासून ग्रामपंचायत पातळीवर महिला व बालकल्याणाचे काम करणाऱ्या दोन महिलांना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने पुरस्कार देण्याची योजना सुरू केली. ३१ मे हा अहिल्यादेवींचा जन्मदिवस. चौंडीच्या धनगर कुटुंबात १७२५ साली जन्मलेल्या या राज्यकर्तीला लोकांनी मातेचे स्थान दिले, तेव्हा तिच्या नावाचा पुरस्कार धनगरवाड्यावर पोहोचणे अत्यंत स्वाभाविक होय. प्रत्यक्षात काय होते? बहुतेक धनगरवाडे हे खालच्या एखाद्या महसुली गावाला जोडलेल्या वाड्या आहेत. कार्यक्रम खाली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. वरून यायला दोन तास आणि चढून जायला तीन. त्या दिवशी दुपारची गुरे कोणी पाहायची, हा प्रश्न. मग नावे सुचवली जातात ती कार्यालयाजवळ राहणाऱ्या आणि सदस्यांच्या ओळखीच्या महिलांची. त्यांचे काम कमी प्रतीचे असते असे मी म्हणत नाही. परंतु ज्या वाडीचा सदस्य नसतो आणि जिच्यापर्यंत मोटार जात नाही, तिचे नाव सुचविण्यास कोणी उरतच नाही.

आणि नाव सुचवायचे म्हटले, तरी ते काय सुचवायचे? वाड्यावर गेल्यावर एखाद्या मध्यमवयीन बाईला नाव विचारून पाहावे. ती हसते, पदर सावरते आणि म्हणते, "नाव काय करायचंय साहेब, थोरल्याची आय म्हना की." लेकराच्या नावाने ओळखले जाण्यात तिला अभिमान आहे, आणि तो तिच्याकडून काढून घेण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. कागदाच्या व्यवहारात मात्र याच गोष्टीची तिला किंमत मोजावी लागते. माहेरी एक नाव, लग्नानंतर सासरी ठेवलेले दुसरे. आधार कार्डावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, बँकेच्या खात्यावर लिहिणाऱ्याने ऐकले तसे तिसरेच. अनेकींची जन्मतारीख १ जानेवारी. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये मातेच्या खात्यावर जमा होतात. नावे जुळली नाहीत की ही रक्कम अडकते. खाली तालुक्याला दोन-तीन खेपा घातल्यावर घरचे लोक तो नाद सोडून देतात. पाच हजार रुपये ही वाड्यावरच्या घरात लहान रक्कम नसते, हे मी आपल्याला सांगायला नको.

या दृष्टीने मार्च २०२४ मधील राज्य शासनाचा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत प्रथम आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरविण्यात आला. जन्मदाखला, शाळेचे दाखले, महसुली कागद, सर्वत्र. आता विचार करा, जन्मनोंद करताना आईचे नाव चुकले, तर पूर्वी ती चूक आईपुरती राहत असे. यापुढे ती मुलाच्या संपूर्ण आयुष्याच्या कागदांवर उमटणार आहे. म्हणून ज्या अधिकाऱ्याला आपण अजूनही सवयीने ग्रामसेवकच म्हणतो, त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने जन्माची नोंद करताना एकदा त्या आईशीच बोलावे. तिला विचारावे, तुझे नाव तू काय सांगशील? जन्मापासून एकवीस दिवसांत नोंद झाली तर शुल्क पडत नाही. घरी झालेल्या प्रसूतीची नोंद अंगणवाडी सेविका आणि आशा यांनी खाली पोहोचवली, तर बापाची एक खेपही वाचते.

शिक्षकांनाही येथे काम आहे. प्रत्येक प्राथमिक शाळेत माता-पालक संघ असतो आणि शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात. दहा-बारा पटाच्या वाडीवरील शाळेत हे संघ पुष्कळदा कागदावरच असतात. तरीही पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी मुलाने पाटीवर आपले आणि आईचे नाव लिहावे आणि ते आईला वाचून दाखवावे, एवढे तर एका मास्तरांना किंवा बाईंना सहज जमेल. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील तरुण मास्तरांची आठवण येथे येते. धनगरांच्या वस्तीत शाळा भरवायची म्हणजे आधी वस्तीतल्या माणसांत जावे लागते, हे त्यांना काही दिवसांतच उमगले होते. ती वस्ती माणदेशातली, मेंढपाळांची; तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

त्याआधी लोण्याविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण माझ्या मते या वाड्यांवरील मातेच्या प्रतिष्ठेचा इतिहास लोण्याच्या गाडग्यात आहे. पूर्वी वाट नव्हती, तेव्हा दूध खाली नेणे शक्य नव्हते. दूध विरजायचे, पहाटे रवी लावून घुसळायचे, लोणी काढायचे आणि आठवड्याच्या बाजारी खाली जाऊन त्याच्या बदल्यात भात, मीठ, मिरची, कापड आणायचे. म्हशी रानात नेणे पुरुषांकडे असले, तरी धार, विरजण, घुसळण आणि पुष्कळ घरी बाजारसुद्धा बाईकडे असे. लोणी तिने काढलेले, म्हणून त्याचे आलेले धान्य-पैसेही तिच्या हातून घरात येत. शिवाय लोणी काढल्यावर ताक उरे. ते विकायचे नसे. मुले नाचणीच्या भाकरीबरोबर ते पोटभर पीत. पुढे घाटातून रस्ते झाले, दूध संकलन केंद्रे आली आणि वाड्यावरून दुधाच्या किटल्या खाली जाऊ लागल्या. रोख पैसा आला, ही चांगलीच गोष्ट. परंतु दूध संस्थेत सभासद म्हणून नाव घरच्या कर्त्या पुरुषाचे. दहा-पंधरा दिवसांचा हिशोब त्याच्या खात्यावर. किटली मात्र अजूनही अनेक ठिकाणी बाईच्याच डोक्यावरून उतरते. आणि ज्या घरी सगळे दूध डेअरीला जाते, त्या घरी घुसळण थांबते, ताक नाहीसे होते. बालकांचे वजन घेणाऱ्या अंगणवाडी सेविकेने या ताकाची चौकशी जरूर करावी.

येथे पंचायतीला आणि सहकार खात्याला काही करता येईल. सहकारी संस्थांच्या व्यवस्थापन समितीवर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, परंतु सभासदच पुरुष असतील तर त्या जागांवर येणार कोण? धार काढणारी तीच सभासद, हे सूत्र दूध संस्थांनी स्वीकारले पाहिजे. हे काही आकाशातून पडलेले मत नाही. शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, तेव्हा लाखाच्या घरात शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन करून द्यावी हा आग्रह गावोगावी मांडला गेला होता. १९९४ च्या राज्य महिला धोरणानेही मालमत्तेत स्त्रीचे नाव लावण्याची दिशा दाखविली. सड्यावरच्या गवळी कुटुंबाकडे पुष्कळदा सातबारा नसतोच. त्यांची मालमत्ता म्हणजे म्हशी, आणि म्हशीला सातबारा नाही. तिच्यापुरता उतारा म्हणजे दूध संस्थेचे सभासदत्व.

आता सर्वांत गंभीर विषयाकडे येतो. या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत ओढे फुगतात, वाटा निसरड्या होतात, दरडी येतात. अशा वेळी वाड्यावर एखादीला कळा सुरू झाल्या, तर बांबूला घोंगडी बांधून झोळी करायची आणि चौघांनी खांद्यावर घेऊन डांबरी सडक गाठायची, हा प्रकार अजूनही संपलेला नाही. सडकेवर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते. तोपर्यंतची वाट माणसांची. दरवर्षी पावसाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि रस्त्याची मागणी करतो. रस्ते झालेच पाहिजेत. परंतु अभयारण्यातून रस्ता काढायला लागणाऱ्या परवानग्या आणि निधी यांची वाट पाहत असताना येत्या पावसाळ्यात काय करायचे, हा प्रश्न पंचायतीपुढे उरतोच.

आरोग्य खात्याचा सल्ला सरळ आहे. प्रसूतीची अपेक्षित तारीख पावसाळ्यात येत असेल, तर बाईने पंधरा दिवस आधी खाली, प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहावे. सल्ला योग्य आहे. तो पाळला का जात नाही, याचे उत्तर मला एका वाड्यावर मिळाले. तेथील बायका म्हणाल्या, जायला ना नाही, पण म्हशीचे काय करायचे? ज्या हाताची सवय असते, त्याच हाताला म्हैस पान्हा सोडते. परका हात लागला की ती दूध चढवते, लाथ मारते, आणि पंधरा दिवस असे गेले तर दूध आटून जाते. म्हणजे बाई पंधरा दिवस खाली राहिली, तर कुटुंबाचे त्या वेतातले उत्पन्नच धोक्यात. पहिली दोन लहान मुले असतील, तर ती कोणाकडे ठेवायची हे आणखी वेगळे. ती बाई अडाणी आहे, तिला धोका कळत नाही, असे आपण म्हणतो. तिने दोन धोक्यांचा हिशोब केलेला असतो, आणि तो आपल्या नोंदवहीत कोठेही नसतो.

यावर उपायही त्या बायकांनीच सुचविला. सातव्या महिन्यापासून शेजारची एखादी बाई किंवा सासू-नणंद रोज धारेच्या वेळी सोबत बसली, आधी आंबोण घातले, मग पाठीवर हात फिरवला, हळूहळू सडाला हात लावू लागली, तर महिन्याभरात म्हैस तो दुसरा हात स्वीकारते. मी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारले, तेव्हा त्यांनी ही गोष्ट बरोबर असल्याचे सांगितले. मग हे काम महिला बचत गटाने अंगावर का घेऊ नये? आशाने गरोदर मातांची यादी करताना तारखेपुढे एक रकाना वाढवावा: म्हशी किती, आणि धार कोण काढणार. गटाने ती बाई ठरवावी. तिला पंधरा दिवसांच्या दुधातला वाटा द्यावा. ॲन जार्व्हिसच्या मंडळांनी आजारी मातांच्या घरकामासाठी माणूस लावून दिला, तो याच जातीचा विचार होता. या एका रकान्याला मी कोणत्याही शाल-श्रीफळाहून मोठा मान समजतो.

आणि सन्मानच करायचा असेल, तर वाड्यावरील वृद्ध सुईण ही पहिली मानकरी. वाट, दवाखाना, वाहन यांपैकी काहीही नसताना तिने दोन पिढ्यांची बाळंतपणे केली. १९७७ नंतर शासनाने दाईंना प्रशिक्षण देऊन साहित्याच्या पेट्या दिल्या होत्या. पुढे दवाखान्यातील प्रसूतीचे धोरण आले, ते मातामृत्यू कमी करण्यासाठी आवश्यकच होते, आणि सुईण मागे पडली. तरीही गर्भिणीला खाली जाण्यासाठी राजी करायचे असेल, तर आजही तिच्याच शब्दाला वजन असते. तिला विरोधी पक्षात न ढकलता आशाच्या शेजारी बसवावे.

पाण्याविषयी थोडक्यातच सांगतो. एवढा पाऊस पडणाऱ्या सड्यावर मार्चनंतर हंडाभर पाण्यासाठी दूर उतरावे लागते, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. जांभा पाणी धरत नाही. ते झिरपून खाली झऱ्यांना मिळते. झऱ्याभोवतीचे रान राखणे, कुंड बांधून झाकणे आणि म्हशींसाठी वेगळा डोण ठेवणे ही कामे थोड्या खर्चात होतात. कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो याची माहिती वाड्यावरील प्रत्येक आईला तोंडपाठ असते. आराखडा करणाऱ्या अभियंत्याने तिला सोबत घेऊन फिरावे.

आता दोन्ही जिल्ह्यांच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत, हा अवर्षणाचा पट्टा. येथील धनगर मेंढपाळ आहेत. जत तालुक्यातील माडग्याळची मेंढी सर्वांना ठाऊक आहे. आरेवाडीचा बिरोबा आणि चिंचलीची मायाक्का ही त्यांची दैवते. दिवाळीच्या सुमारास मेंढ्यांचा वाडा गाव सोडतो आणि पावसाच्या तोंडावर परततो. वर डोंगरात वाडा म्हणजे वस्ती. येथे वाडा म्हणजे चालता संसार. घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि त्यांच्यातच बांधलेले तान्हे मूल, आणि लगाम धरून चालणारी त्याची आई. मेंढ्या शेतात बसवायच्या, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे, सकाळी मुक्काम हलवायचा. कोणाच्या शेतात बसायचे हे पुरुष ठरवतात. चूल कोठे मांडायची, पाणी कोठून आणायचे, कोकरांना कोण पाजायचे, हे सारे तिच्याकडे.

या मातेचे बाळंतपण कोणत्या गावच्या शिवारात होईल, हे कोणाला सांगता येत नाही. म्हणून तिच्या बाबतीत आपण ज्या गावचे आहोत त्याचा विचार करू नये. माता-बाल संरक्षण कार्ड कोणत्याही आरोग्य उपकेंद्रात ग्राह्य आहे. लस देताना "तुमच्या गावी जा" हे उत्तर देता येत नाही. मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. वाडा निघण्यापूर्वी मास्तरांनी ते भरून आईच्या हाती द्यावे. आईच्या असे मुद्दाम म्हणतो, कारण कागदांची पिशवी घोड्यावर कोठे बांधली आहे हे तिलाच माहीत असते.

याच माणदेशातून नावाचा आणि सहीचा एक बोलका इतिहास घडला आहे. म्हसवडच्या महिलांनी चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने स्वतःची बँक काढण्याचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक महिलांपैकी अनेकींनी सहीऐवजी अंगठा उठवला होता. बायका परत आल्या आणि लिहायला-वाचायला शिकू लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्रावर करावा आणि कोण आधी सांगते ते पाहावे, असे त्यांनी तेथे ऐकविले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

आमच्या कृष्णाकाठच्या काही आयांना इतिहासात जागा मिळाली, याचा मला आनंद आहे. नायगावच्या सावित्रीबाई फुले यांनी १८७४ मध्ये एका विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्याला यशवंत हे नाव दिले. साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांना उपाशी ठेवायचे नाही म्हणून कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रापर्यंत दागिने विकले. देवराष्ट्रे येथे आजोळी जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांनी आपल्या विठाईची आठवण 'कृष्णाकाठ'मध्ये लिहून ठेवली. त्यांच्यामागे लिहिणारे कोणी होते. माथ्यावरच्या आयांमागे अद्याप फारसे कोणी नाही. पुणे जिल्ह्याच्या मावळात हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी जात्यावरच्या ओव्या गावोगाव हिंडून टिपल्या आणि गाणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव-गाव नोंदवले. आपल्या शाळांतील मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या आजीकडून अशा पाच ओव्या जरी तिच्या नावानिशी वहीत उतरवून आणल्या, तरी तो संग्रह त्या शाळेचे वैभव ठरेल.

कार्यक्रमाविषयी आता काही सूचना करून थांबतो. सन्मान वाडीवर जाऊन करावा. ओटी भरायची असेल तर विधवा भगिनींना वगळू नये. शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींनीही गिरवावा असे परिपत्रक काढले. सन्मानपत्रावर त्या मातेचे पूर्ण नाव, तिच्या आईचे नाव आणि माहेरचे गाव लिहावे, आणि ते आधी तिला वाचून दाखवावे. छायाचित्र वर्तमानपत्राकडे पाठवाल, तेव्हा खालच्या ओळीत पाहुण्यांच्या नावांनंतर "व एक धनगर महिला" असे येऊ देऊ नका.

पिठोरीला सड्यावर धुके आणि पाऊस असतो आणि वाट पायाखाली राहत नाही. मातृदिनाचा कार्यक्रम दसऱ्यानंतर घेतला तरी वाड्यावर कोणाची हरकत नसेल. सकाळी जाऊ नये, दूध घेऊन उतरलेल्या बायका अकराच्या पुढेच वर येतात. गुरे दिवस मावळताना परततात. मधले तीन तास आपले. भाषणे दोनच ठेवावीत. चहासाठी साखर आणि पत्ती खालून घेऊन जावी, दूध वर आहेच.